नर्सिंगच्या प्रवेशात या चुका टाळा: आधी वॉर्ड बघा, मग इमारत

बारावीचा निकाल लागला की नर्सिंग कॉलेजांची माहितीपत्रके घरापर्यंत येतात. एसी वर्ग, होस्टेल, बस, 'शंभर टक्के नोकरी' हे सगळे मोठ्या अक्षरांत असते. कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये किती खाटा आहेत आणि त्यांतल्या किती भरलेल्या असतात, हे मात्र शोधूनही सापडत नाही. नर्सिंगचे शिक्षण जमते किंवा फसते ते तिथेच. बाकीच्या चुका बऱ्याचदा निस्तरता येतात, पण चार वर्षे रिकाम्या वॉर्डात गेली तर ती भरून काढणे फार अवघड.

'नर्सिंग' नावाचा प्रत्येक कोर्स नर्स बनवत नाही

नोंदणीकृत नर्स व्हायचे तर तीनच दारे आहेत. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षांचे, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचे, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे. यांपैकी एक पूर्ण केले की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते. 'नर्सिंग असिस्टंट', 'पेशंट केअर', 'जनरल ड्यूटी असिस्टंट' हे सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे कोर्स मदतनिसाचे आहेत. ते वाईट नाहीत, रुग्णालयांना अशी माणसे लागतातच. फसवणूक होते ती 'नंतर तुम्ही स्टाफ नर्स व्हाल' असे सांगून लाखभर रुपये घेतले जातात तेव्हा. समुपदेशकाला एकच प्रश्न विचारा: 'या प्रमाणपत्रावर कौन्सिलची नोंदणी मिळते का?' उत्तर 'आमचा कोर्स सरकारमान्य आहे' असे फिरवून आले, तर उठा आणि घरी या.

घरी बसून नर्स होता येत नाही, हेही सांगायला हवे. 'नॉन अटेंडिंग' प्रवेश म्हणजे नुसते फॉर्म भरायचे आणि परीक्षेला जायचे, हा प्रकार अजून चालतो. बीएस्सीच्या नियमानुसार परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रात्यक्षिकात किमान ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रत्येक प्रात्यक्षिक विभागातली हजेरी १०० टक्के भरून द्यावी लागते. जे कॉलेज ही हजेरी कागदावर भरून देते, ते बाकी काय काय कागदावर भरत असेल याचा अंदाज करा.

मान्यता: भिंतीवरची फ्रेम नव्हे, चालू वर्षाची यादी

कॉलेजच्या ऑफिसात मान्यतेचे पत्र फ्रेम करून लावलेले असते. त्यावरची तारीख वाचा. मान्यता कोर्सनिहाय असते, आणि मंजूर जागांची संख्याही त्यातच असते. जीएनएमला मान्यता असलेल्या संस्थेने बीएस्सीला मुले घेतली, किंवा ४० जागांवर ६० मुले बसवली, की अडचण शेवटच्या वर्षी नोंदणीच्या वेळी उघडी पडते.

बीएस्सीसाठी तीन ठिकाणी नाव जुळले पाहिजे: इंडियन नर्सिंग कौन्सिलची त्या शैक्षणिक वर्षाची यादी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आणि नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. जीएनएम आणि एएनएमच्या परीक्षा राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडून होतात, त्यामुळे तिथे विद्यापीठाऐवजी मंडळाकडे बघायचे. संस्थेचे नाव अक्षरशः जुळवा. एकाच ट्रस्टची सारख्या नावाची दोन-तीन कॉलेजे असतात आणि मान्यता एकालाच असते.

शेजारच्या राज्यात 'सीईटी नको, फी कमी' म्हणून जाणाऱ्यांनी मध्य प्रदेशचे उदाहरण बघावे. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने तिथल्या नर्सिंग कॉलेजांची तपासणी केली, साठाहून अधिक कॉलेजे अपात्र निघाली, आणि २०२४ च्या मे महिन्यात तपासणी पथकातलेच अधिकारी लाचेच्या प्रकरणात पकडले गेले. दरम्यान परीक्षा रखडल्या आणि मुलांची वर्षे गेली. बाहेरच्या राज्यात शिकून महाराष्ट्रात काम करायचे, तर इथल्या कौन्सिलकडे पुन्हा नोंदणी करावी लागते, हेही आधीच धरून चाला.

हॉस्पिटल कसे तपासायचे

बीएस्सी कॉलेजला स्वतःचे किमान १०० खाटांचे हॉस्पिटल लागते आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असे प्रमाण अपेक्षित आहे. आता हिशेब करा. शंभर खाटांपैकी ७५ भरलेल्या असल्या, तर एका वेळी २५ विद्यार्थ्यांना पुरेसे काम. साठच्या चार बॅचेस म्हणजे २४० मुले. सगळी एकाच वेळी वॉर्डात नसतात हे खरे, तरी उरलेल्यांना दुसऱ्या हॉस्पिटलांत पाठवल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून विचारायचा प्रश्न असा: 'पोस्टिंग कुठे कुठे होते, किती आठवडे, आणि न्यायला कॉलेजची बस आहे का?' जिल्हा रुग्णालय, सरकारी मेडिकल कॉलेज किंवा महापालिकेचे मोठे रुग्णालय यांच्याशी लेखी करार असेल, तर तो दाखवायला कॉलेज का-कू करत नाही.

तपासणीच्या दिवशी खाटांवर माणसे आणून झोपवली जातात, हे या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून न कळवता, आठवड्यातल्या मधल्या दिवशी, सकाळी नऊ-साडेनऊला जा. केसपेपरच्या खिडकीसमोर रांग आहे का? मेडिकल स्टोअरवर गर्दी आहे का? वॉर्डाबाहेर नातेवाईक डबे घेऊन बसलेत का? खाटांवर चादरी कडक घडीच्या आणि सलाईनचे स्टँड एका ओळीत कोपऱ्यात उभे असतील, तर ते हॉस्पिटल फोटोसाठी आहे.

मग लेबर रूम. महिन्याला प्रसूती किती होतात ते इनचार्ज सिस्टरला विचारा. नोंदवहीत प्रत्येकीला स्वतः केलेल्या प्रसूती दाखवाव्या लागतात. प्रत्येकी दहा धरल्या, तरी साठच्या बॅचला ६०० लागतात. जिथे महिन्याला पंधरा होतात तिथे एका प्रसूतीभोवती आठ मुली उभ्या राहतात आणि नोंदवही एकमेकींची बघून भरली जाते.

शेवटचा आणि सगळ्यात खात्रीचा उपाय: तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थिनींना गाठा, शिक्षकांसमोर नव्हे, बाहेर चहाच्या टपरीवर. त्यांना विचारा की आयव्ही कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत घालायची नळी) स्वतः लावली आहे का, कॅथेटर (लघवीची नळी) घातला आहे का, रात्रपाळी केली आहे का. 'फक्त बीपी आणि टेम्परेचर' हे उत्तर आले तर समजून जा. किंवा एक साधे गणित द्या: ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचे आहे, सेट २० थेंबांना एक मिलीचा आहे, मिनिटाला थेंब किती? ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटे, म्हणजे जवळपास ४२. जी रोज सलाईन लावते तिला हे सांगायला कागद लागत नाही.

आधीच अशा कॉलेजात अडकला असाल तर? मोठ्या रुग्णालयातले पोस्टिंग वाढवून मागा. अर्ज सगळ्या बॅचच्या सह्यांचा असावा आणि प्राचार्यांची पोच घ्यावी, एकट्या विद्यार्थ्याच्या तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही. दाद लागली नाही तर विद्यापीठाकडे लेखी तक्रार करा. आठव्या सेमिस्टरची इंटर्नशिप तरी गर्दीच्या ठिकाणी व्हावी म्हणून सहा महिने आधीपासून मागे लागा.

जीएनएम की बीएस्सी

बारावी सायन्सला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी असेल, पीसीबीत ४५ टक्के (राखीव प्रवर्गाला ४० टक्के) असतील, तर बीएस्सी सोडून जीएनएम घेण्याचे कारण सहसा फक्त पैशाचे असावे. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना बीएस्सीचे थेट दार बंद, त्यांचा रस्ता जीएनएम, मग दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी.

फरक पुढे जाणवतो. एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेला बीएस्सीवाल्याला अनुभवाची अट नाही. जीएनएमवाल्याला पात्रता मिळाल्यानंतरचा, किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलमधला दोन वर्षांचा अनुभव लागतो. नेमके इथेच कित्येक जण चुकतात: घराजवळच्या पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये तीन वर्षे काढतात आणि तो अनुभव धरलाच जात नाही. पहिली नोकरी दोन हजार रुपये कमी पगाराची चालेल, पण ५० खाटांच्या वरची घ्या. अनुभवपत्रावर पद, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख आणि खाटांची संख्या लिहून घ्या. हे नोकरी सोडतानाच मागा, दोन वर्षांनी एचआरमधले कोणी ओळखत नाही. मुलांनी आणखी एक गोष्ट बघावी: नॉरसेटमध्ये जागा ८० टक्के महिला आणि २० टक्के पुरुष अशा वाटल्या जातात, म्हणून त्यांची स्पर्धा जास्त तीव्र आहे.

फी आणि कागद

राज्यात बीएस्सी नर्सिंगचे प्रवेश सीईटीवर होतात. संस्थास्तरावरच्या जागेसाठीही सीईटी लागते, त्यामुळे 'परीक्षा न देता सीट देतो' म्हणणाऱ्या एजंटाला टोकन देऊ नका. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर बघता येते. पावती त्याच आकड्याची मागा. गणवेश, होस्टेल, 'क्लिनिकल चार्जेस', परीक्षा शुल्क वेगळे विचारून चारही वर्षांचा एकूण आकडा कागदावर लिहून घ्या.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश केंद्रीय फेरीतून झाला असेल तरच. फेरीची वाट बघायचा कंटाळा करून व्यवस्थापन कोट्यात सीट घेतली की ही सवलत गेली. जात पडताळणीला महिने लागतात, अर्ज अकरावीतच टाका. नॉन क्रीमी लेयर ३१ मार्चला संपते, जुने चालत नाही. मूळ कागदपत्रे दाखवून परत घ्या. ठेवून घेतलीच तर यादीसह सही-शिक्क्याची पोच घ्या. शिक्षणानंतरचा बाँड असेल तर मुदत, मोडल्यास रक्कम आणि त्या काळातला पगार, तिन्ही वाचल्याशिवाय सही नको.

परदेशाची घाई

पहिल्या वर्षालाच आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास लावणे ही सर्रास होणारी चूक. निकाल दोनच वर्षे चालतो. इंग्रजीचा पाया आत्ता पक्का करा, परीक्षा शेवटच्या वर्षानंतर द्या. ब्रिटनला वाचन, ऐकणे, बोलण्यात ७ आणि लेखनात ६.५ लागतात, ओईटी (आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा) दिली तर बी, आणि लेखनात सी प्लस चालते. जर्मनीसाठी इंग्रजीचा उपयोग नाही, तिथे पूर्ण मान्यतेला सहसा बी२ पातळीचे जर्मन लागते.

एजंटाचे नाव ई-मायग्रेट या परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर शोधा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. तीन-चार लाख रोख मागणाऱ्याकडून नोकरीचे पत्र आले असले, तरी ते पत्र थेट त्या हॉस्पिटलला ईमेल करून पडताळा. आणि जाण्याआधी इथली कौन्सिलची नोंदणी चालू आहे का ते बघा. दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागते, त्यासाठी सतत शिक्षणाच्या कार्यशाळांचे गुण जमवावे लागतात. बाहेरचे कौन्सिल पडताळणीसाठी इथेच विचारते, आणि नोंदणी संपलेली निघाली की पुढचे सगळे काम अडते.