महागडे खेळाडू घेऊनही टीम का हरते? टीम बांधताना या चुका टाळा

पुण्यात आता जवळजवळ प्रत्येक मोठ्या सोसायटीत प्रीमियर लीग असते, पॉइंट्सचं ऑक्शन असतं, टीम ओनर असतात, आणि दरवर्षी एक तरी ओनर असा असतो जो पहिल्या दहा मिनिटांत अर्धे पॉइंट्स दोन स्टार लोकांवर उडवतो आणि मग लीगमधून सगळ्यात आधी बाहेर पडतो. यात हसण्यासारखं काही नाही, कारण हीच चूक कोट्यवधी रुपये हातात असलेल्या लोकांनीसुद्धा केलेली आहे आणि ती आपल्याच गावात झालेली आहे. आयपीएलच्या दोन टीम, आयएसएल फुटबॉलची एक, प्रो कबड्डीची एक, एवढं सगळं बघितलेल्या पुणेकराला तरी हे कळायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितोय.

आधी पैसा नक्की कुठे गेला ते बघा

पुणे वॉरियर्स या आपल्या पहिल्या आयपीएल टीमबद्दल अजूनही कट्ट्यावर ऐकू येतं की "एवढे पैसे ओतले तरी हरले". सहाराने २०१० मध्ये ३७ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण १७०० कोटी रुपये, मोजून टीम घेतली हे खरं आहे. पण तो पैसा फ्रँचायझीच्या हक्कासाठी होता, मैदानात उतरणाऱ्या अकरा जणांसाठी नव्हता. खेळाडू घ्यायला २०११ च्या ऑक्शनमध्ये पुण्याला बाकीच्यांसारखीच ९० लाख डॉलरची मर्यादा होती. म्हणजे बॅटिंग-बॉलिंग विकत घेण्याच्या बाबतीत आपण कुणाहीपेक्षा श्रीमंत नव्हतोच. उलट २००८ चं उदाहरण बघा, सगळ्यात स्वस्तात म्हणजे ६.७ कोटी डॉलरला गेलेली राजस्थान रॉयल्स पहिल्याच वर्षी चॅम्पियन झाली आणि सगळ्यात महाग मुंबई सेमीफायनललासुद्धा पोचली नाही.

आता त्या ९० लाखांचं काय झालं? रॉबिन उथप्पा २१ लाख डॉलर, युवराज सिंग १८ लाख डॉलर. दोघं मिळून ३९ लाख, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या वर पैसा दोन बॅट्समनवर गेला. दोघंही चांगलेच खेळाडू, त्याबद्दल वादच नाही. पण उरलेल्या पैशात बाकीची अख्खी टीम, बॉलर्स, बेंच, सगळं बसवायचं होतं. त्यात २०१२ ला युवराज आजारपणामुळे पूर्ण सीझन खेळूच शकला नाही. २०११ ला दहा टीममध्ये नववे, २०१२ ला नऊ टीममध्ये नववे, २०१३ ला नऊमध्ये आठवे, आणि मग टीमच बंद.

म्हणून जिथे सगळ्यांना सारखीच पर्स आहे तिथे "जास्त खर्च केला" या वाक्याला अर्थ नसतो. तिथे एकावर टाकलेला प्रत्येक रुपया दुसऱ्या कुणाच्या तरी जागेवरून काढलेला असतो. सोसायटीच्या ऑक्शनला बसण्याआधी कागदावर अकरा जागा लिहा, विकेटकीपर कोण, शेवटच्या दोन ओव्हर कोण टाकणार, आणि प्रत्येक जागेसमोर जास्तीत जास्त किती पॉइंट्स द्यायचे तो आकडा आधीच लिहा. मग समोरचा कितीही चढला तरी तो आकडा ओलांडायचा नाही.

किंमत म्हणजे क्वालिटी नाही

ऑक्शनमध्ये किंमत ठरते ती दोन टीमना तोच खेळाडू एकाच वेळी हवा असला की. तिसऱ्याला नको असला तरी चालतं, दोघं भिडले की आकडा पळतो. आणि जिंकतो तो, ज्याने त्या खेळाडूचा अंदाज सगळ्यात जास्त धरलेला असतो, म्हणजे बऱ्याचदा जरा जास्तच धरलेला असतो.

जयदेव उनाडकटचं बघा. २०१७ ला रायझिंग पुणेने, म्हणजे आपल्या दुसऱ्या आयपीएल टीमने, त्याला ३० लाखाच्या बेस प्राइसला घेतला आणि त्याने २४ विकेट काढल्या. पुढच्या वर्षी तोच बॉलर ११.५ कोटींना राजस्थानकडे गेला आणि ११ विकेटवर थांबला. माणूस तोच, हात तोच. पण पुण्याने जे मिळवलं ते घेताना भाव ३० लाख होता, राजस्थानने मागच्या वर्षीच्या कामगिरीचा भाव पुढच्या वर्षासाठी मोजला. एका सीझनमधे कुणी फारच भारी खेळला की पुढच्या वेळी तो थोडा खाली येणं हे अगदी नॉर्मल आहे, त्याचे कष्ट कमी पडले असं नाही. मागच्या लीगचा मॅन ऑफ द सीरीज म्हणून डोळे झाकून बोली लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. त्याच पुण्याच्या टीममध्ये आपला राहुल त्रिपाठी १० लाखात होता आणि त्याने ३९१ रन केले.

जोडी बघा, नावं नका बघू

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती कबड्डीत जितकी स्वच्छ दिसते तितकी कुठेच दिसत नाही. रेडर आत आलाय, डावा कोपरा (म्हणजे टोकाला उभा असलेला डिफेंडर) आणि त्याच्या शेजारचा डिफेंडर, म्हणजे कव्हर, हातात हात धरून मागे सरकतायत. रेडर बोनससाठी पाय टाकतो, कोपरा झेप घेऊन घोटा पकडतो. आता पुढचा अर्धा सेकंद कव्हरचा आहे. त्याने त्याच क्षणी येऊन अंगावर ब्लॉक घेतला तर पकड, आणि अर्धं पाऊल उशीर झाला तर रेडर दुसऱ्या पायावर जोर देऊन लाइनपर्यंत ओढत नेतो आणि दोन पॉइंट घेऊन जातो, कारण उशिरा आलेला कव्हरही टच झालेला असतो. बघणाऱ्याला वाटतं कोपऱ्याने चूक केली, पण कोपऱ्याची पकड बरोबर होती, शेजारच्याला ती येतेय हे कळलं नव्हतं. हातातला हात कधी सैल होतो त्यावरून शेजारी आता झेपावणार हे ओळखायला महिनोन् महिने एकत्र प्रॅक्टिस लागते आणि ती कुठल्याही ऑक्शनमध्ये विकत मिळत नाही.

प्रो कबड्डीतल्या आपल्या पुणेरी पलटणचं दहाव्या सीझनचं यश मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. अस्लम इनामदार, मोहित गोयत ही पोरं आठव्या सीझनपासून एकत्र खेळत होती. कोच बी. सी. रमेश नवव्या सीझनला आले, फायनल जयपूरकडून ३३-२९ अशी हरले, आणि टीमने ना कोच बदलला ना अस्लम-मोहितसारखी पोरं सोडली. मग आधीच बसलेल्या टीममध्ये जिथे खरी गरज होती तिथे डाव्या कोपऱ्यावर इराणचा मोहम्मदरेझा शादलू २.३५ कोटींना आणला. तो त्या सीझनचा बेस्ट डिफेंडर ठरला आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणाला २८-२५ ने हरवून कप पुण्यात आला. त्याच ऑक्शनमध्ये तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २.६० कोटी मोजले, म्हणजे पाच कोटींच्या पर्समधला अर्ध्याहून जास्त पैसा एका रेडरवर, आणि टीम तळाला राहिली. पवन जबरदस्तच रेडर आहे, पण तो एकदा बाद होऊन बाहेर बसला की त्याला परत आत आणायला दुसऱ्या कुणीतरी पकड किंवा टच करून पॉइंट काढावा लागतो ना!

म्हणजे महागडा खेळाडू घेऊच नका असं मी म्हणत नाहीये. पलटणनेही घेतला. फक्त तो शेवटचा तुकडा म्हणून घेतला, पहिला नाही.

२०१४ मध्ये यावर एक अभ्यास आला होता, रोडरिक स्वाब, अॅडम गॅलिन्स्की वगैरे मंडळींचा. त्यात फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये स्टार वाढवत गेल्यावर एका मर्यादेनंतर फायदा थांबतो आणि उलटा परिणाम दिसतो, पण बेसबॉलमध्ये तसं दिसलं नाही, कारण तिथे प्रत्येकाचं काम बरंच स्वतंत्र असतं. क्रिकेट बेसबॉलच्या जवळ आहे आणि कबड्डी दुसऱ्या टोकाला, असं माझं मत. त्यामुळे क्रिकेटमध्ये दोन स्टार कधीकधी तारून नेतात, कबड्डीत आणि फुटबॉलमध्ये त्या भरवशावर राहू नका. पॅरिसच्या पीएसजी या फुटबॉल क्लबकडे मेसी, नेमार, एम्बाप्पे दोन वर्षं एकत्र होते. फ्रान्सची लीग जिंकले, पण चॅम्पियन्स लीगमध्ये दोन्ही वेळा शेवटच्या सोळातच बाहेर. तिघंही गेल्यावर २०२५ ला त्याच चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये इंटर मिलानला ५-० ने हरवलं. ती टीमही स्वस्त नव्हतीच, पैसा तिथेही भरपूर होता, पण बॉल गेला की अकराच्या अकरा मागे पळत होते.

बेंच

यावर फार लिहीत नाही कारण गोष्ट सरळ आहे. २०१६ ला रायझिंग पुणेचे पीटरसन, डु प्लेसी, स्मिथ, मिचेल मार्श हे चौघं एकाच सीझनमध्ये दुखापतीमुळे घरी गेले, कॅप्टन धोनी असूनही टीम आठात सातवी. २०१७ ला १४.५ कोटींचा बेन स्टोक्स भारीच खेळला, पण प्लेऑफच्या वेळी इंग्लंडच्या ड्युटीवर होता. आणि ती टीम फायनलला पोचली त्यात मार्शच्या जागी आलेला अनसोल्ड इम्रान ताहिर आणि अश्विनच्या जागी आलेला सतरा वर्षांचा वॉशिंग्टन सुंदर यांचा मोठा वाटा होता. तुमच्या लीगमधे विचारायचा पहिला प्रश्न "कसा खेळतो" हा नाही, "सगळ्या रविवारी येणार का" हा आहे. हिंजवडीत शिफ्ट करणारा आणि महिन्यातून दोनदा ऑनसाइट जाणारा ऑलराउंडर कितीही चांगला असला तरी अर्ध्या किमतीचाच धरा.

दर सीझनला कोच बदलणं

आयएसएलमधल्या एफसी पुणे सिटीचे बालेवाडीचे दिवस आठवतात का? त्रेझेगे आला, मुटू आला, गुडयॉनसन जाहीर झाला आणि सीझन सुरू व्हायच्या आधीच जखमी झाला. नावं मोठी होती, पण कोच बघा: कोलोंबा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल, पाच सीझनच्या सुरुवातीला पाच वेगळे कोच. प्रत्येकाची पद्धत वेगळी, प्रत्येकाला हवे असलेले खेळाडू वेगळे. म्हणजे दर वर्षी पहिल्यापासून सुरुवात. पाच सीझनमध्ये प्लेऑफ फक्त एकदा, २०१७-१८ ला. २०१९ ला टीम गुंडाळली आणि तिची जागा हैदराबाद एफसीने घेतली, तिथे मॅनोलो मार्केझला सलग वेळ मिळाला आणि दुसऱ्याच सीझनमध्ये, २०२१-२२ ला, ते चॅम्पियन झाले. याचं मला अजूनही वाईट वाटतं, कारण बालेवाडीला गर्दी करणारी, ढोल घेऊन येणारी पोरं होती आणि त्यांची काहीच चूक नव्हती.

हरल्यावर कुठे बघायचं

टीम हरायला लागली की आपण लगेच कॅप्टन किंवा सगळ्यात महाग खेळाडूच्या मागे लागतो. थोडं थांबा. २०१७ ची फायनल रायझिंग पुणे एका रनने हरली, मुंबईच्या १२९ समोर १२८. त्याआधी त्याच सीझनमध्ये मुंबईला तीनदा हरवलं होतं. शेवटच्या बॉलला चार हवे होते, दोन निघाले, तिसरा पळताना रनआउट. त्यावरून टीम वाईट बांधली होती असं म्हणणं चुकीचं आहे, तसंच ते चार रन निघाले असते म्हणून सगळं परफेक्ट ठरलं असतं असंही नाही.

तुमच्या टीमचं तपासायचं असेल तर शेवटच्या चार-पाच मॅचची स्कोअरशीट समोर घ्या, क्रिकेट अॅपवर सगळं असतंच. अटीतटीच्या मॅच हरत असाल तर फार काही बदलू नका, तीच टीम खेळवत राहा. मोठ्या फरकाने हरत असाल तर बघा की रोज तोच एक भाग ढासळतोय का, म्हणजे मधल्या ओव्हर, किंवा शेवटच्या दोन, किंवा कॅचेस. तसं असेल तर ती एक जागा बदला, अख्खी टीम नाही. आणि रोज वेगळाच माणूस फेल जात असेल तर नवीन खेळाडू आणून काही होणार नाही, तिथे मॅचच्या आदल्या संध्याकाळी एक तास नेटऐवजी फक्त फील्डिंग आणि रनिंग बिटवीन द विकेट्स घ्या, दोघादोघांच्या जोड्या लावून, आणि पुढचे तीन रविवार बॅटिंग ऑर्डरला हात लावू नका.