संगणक चालता चालता बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

घरचा डेस्कटॉप मधेच बंद पडायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारून घे.’ दुकानातही बरेचदा तेच करून देतात. काम सोपं, आणि संगणक दोन दिवस बरा चालला तरी पैसे वसूल. पण लाइट गेल्यासारखा टप्पकन बंद होणारा संगणक विंडोजमुळे क्वचितच बंद होतो. विंडोज बंद होतं ते सांगून तरी होतं, नाहीतर निळा पडदा दाखवून. काहीच न सांगता अंधार झाला, तर कारण बहुतेक वेळा वीज, उष्णता किंवा सैल झालेला एखादा भाग हेच असतं. त्यातलं बरंचसं घरी शोधता येतं. लागतो तो एक स्क्रूड्रायव्हर, रंगकामाचा एक कोरडा ब्रश आणि थोडा धीर.

सुरुवातीलाच फोटो आणि कामाची कागदपत्रं पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घेऊन ठेवा. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज तुटत राहिली तर फायली खराब होतात, जुनी हार्ड डिस्क तर कधी पुन्हा उठतही नाही. आणि एका वेळी एकच बदल करा. यूपीएस काढला, रॅम पुसली, सीपीयूवर (संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर) नवी पेस्टही लावली आणि मग संगणक नीट चालला, तर दोष कशात होता ते कळायला मार्ग राहत नाही. महिन्याभराने तोच त्रास परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आधी नीट बघा : बंद पडतो तो कसा?

कॅबिनेट उघडायची घाई नको. पुढचे दोन-तीन प्रसंग एका कागदावर टिपून ठेवा : किती वाजता, काय चालू होतं, घरात त्या क्षणी दुसरं काय सुरू झालं, आणि बटण दाबल्यावर संगणक लगेच उठला का. शोधाचं अर्धं काम इथेच होतं.

गेम खेळताना किंवा व्हिडिओ एडिट करताना बंद पडतो, लगेच सुरू केला तर आणखी लवकर बंद पडतो, पण वीस मिनिटं थांबलं की पुन्हा बरा चालतो. ही उष्णतेची खूण. फ्रिजचा कॉम्प्रेसर किंवा पाण्याची मोटर सुरू होताच बंद पडतो, किंवा दिवा क्षणभर लुकलुकला की बंद पडतो, तर पहिला संशय यूपीएसच्या बॅटरीवर घ्या. बंद पडल्यावर बटण कितीही दाबलं तरी ढिम्म हलत नाही आणि मागची वायर काढून थोड्या वेळाने लावली की उठतो, तेव्हा एसएमपीएसने, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या पेटीने, स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडलेला असतो. सुरू केल्यावर दर वेळी चार-पाच सेकंदांतच बंद होत असेल, तर समोरचं पॉवर बटण आत अडकून बसलंय का ते पाहा. बटण चार सेकंद दाबून धरलं की संगणक सक्तीने बंद होतो, आणि अडकलेलं बटण नेमकं तेच करत असतं. बंद न पडता स्वतःहून रीस्टार्ट होत असेल, तर रॅम किंवा ड्रायव्हरवर संशय घ्यायला जागा आहे.

विंडोजच्या वहीत काय लिहिलंय?

स्टार्ट मेनूत इव्हेंट व्ह्यूअर हे नाव इंग्रजीत टाइप करा. डावीकडे विंडोज लॉग्ज आणि त्यात सिस्टिम उघडा. बंद पडल्याच्या वेळेच्या आसपासच्या नोंदी वाचा. १०७४ क्रमांकाची नोंद असेल, तर एखाद्या प्रोग्रॅमने किंवा अपडेटने रीतसर रीस्टार्ट मागितला होता. म्हणजे हा बिघाड नव्हेच. अपडेटच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ तुमच्या कामाच्या वेळेप्रमाणे बदला, काम झालं.

६००८ किंवा ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसली, तर मागची वेळ अचानक बंद पडण्याची होती. या ४१ ला घाबरून लोक इंटरनेटवर उपाय शोधतात आणि भलभलते ड्रायव्हर घालत बसतात. ही नोंद संगणक पुन्हा सुरू होताना लिहिली जाते, आणि तिचा अर्थ एवढाच की ‘गेल्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो.’ ती कारण सांगत नाही. तिच्या डीटेल्समध्ये मात्र ‘बगचेक कोड’ नावाची ओळ असते. तिथे शून्य असेल तर निळ्या पडद्याची नोंद झालेली नाही, आणि वीज किंवा उष्णतेवरचा संशय बळावतो. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर निळा पडदा येऊन गेला, तुम्हाला दिसला नाही इतकंच. तो दिसावा म्हणून सिस्टिम प्रॉपर्टीजच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’वरची खूण काढा. पुढच्या वेळी पडदा थांबून राहील. मोबाइलवर त्याचा फोटो घ्या.

भिंतीपासून सुरू करा

संगणक चालू असताना प्लग आणि एक्स्टेंशन बोर्डाला हात लावून पाहा. कोमट लागला तर आतला संपर्क सैल आहे. तो बोर्ड फेकून द्या, दुरुस्त करत बसू नका. कॅबिनेटच्या मागे खोचलेली काळी वायरही बरेचदा अर्धवट बाहेर आलेली असते. ती काढून पुन्हा घट्ट बसवा. हा दोष इतका साधा आहे की तपासायचं कुणाच्या मनातही येत नाही.

मग यूपीएस बाजूला काढून संगणक थेट भिंतीच्या बोर्डावर दोन दिवस चालवा. बंद पडणं थांबलं तर दोषी सापडला. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी असते. ती दोन-तीन वर्षं टिकते आणि नुसती बॅटरी बदलून मिळते, अख्खा यूपीएस बदलायची गरज नसते. अशा यूपीएसवर बरेचदा ३६० वॅट अशी मर्यादा लिहिलेली असते. मोठं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक ती ओलांडू शकतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावला असेल तर आजच काढा. त्यातला हीटर तापताना एकदम भरपूर वीज ओढतो आणि यूपीएस ओव्हरलोड होतो.

कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लागला की मुंग्या येतात का? मग घरात अर्थिंग नाही, किंवा तुटलंय. तीन पिनांच्या प्लगवर दोन पिनांचा अ‍ॅडॉप्टर लावून चालवणाऱ्या घरांत हे हमखास दिसतं. हे काम इलेक्ट्रिशियनचं. संगणक बंद पडण्याशी त्याचा संबंध असो वा नसो, त्याला बोलवाच.

धूळ, पंखा आणि पेस्ट

घरच्या संगणकाचं सगळ्यात मोठं दुखणं हेच. सीपीयू फार तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही भागलं नाही तर जळून जाण्यापेक्षा संगणकच बंद करतो. बऱ्याच प्रोसेसरांत ही वेळ १०० अंश सेल्सिअसच्या आसपास येते. विंडोजचा टास्क मॅनेजर ग्राफिक्स कार्डाचं तापमान दाखवतो, सीपीयूचं दाखवत नाही. म्हणून ‘एचडब्ल्यूमॉनिटर’ किंवा ‘कोअर टेम्प’ यांपैकी एखादा मोफत प्रोग्रॅम घ्या. नुसतं ब्राउझर उघडून बसल्यावर ३५ ते ५० अंश ठीक. जड कामात ८० पर्यंत गेलं तरी चालतं. काहीच न करता ७० दिसत असेल, तर कॅबिनेट उघडायची वेळ झाली. खोली जेवढी तापते, जवळपास तेवढंच सीपीयूचं तापमान वर सरकतं. त्यामुळे नागपूर-चंद्रपूरकडे थंडीत व्यवस्थित चालणारा संगणक मे महिन्यात बंद पडू लागला, तर त्यात नवल नाही.

मेन स्विच बंद करा, मागची वायर काढा आणि पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. कॅबिनेट आडवा ठेवून डावी बाजू उघडा. कॅबिनेटच्या धातूला आधी हात लावा, मग आतल्या भागांना. पंख्याच्या पात्यांवरची धूळ पाहून लोक तीच पुसतात आणि समाधान मानतात. खरी धूळ पंखा आणि हीटसिंक (सीपीयूची उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा) यांच्या मधल्या फटीत असते. पंखा काढला की अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर नमद्यासारखा करडा थर बसलेला दिसतो, बोटाने उचलला तर अख्खा निघतो. त्यातून वारा जाणार कुठून! थर काढून ब्रश फिरवा, मग गॅलरीत नेऊन ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने ती वेडीवाकडी फिरली तर बेअरिंग खराब होतं. ओलं फडकं अजिबात वापरू नका.

आता हीटसिंक हलक्या हाताने हलवून पाहा. इंटेलच्या सोबत येणाऱ्या जुन्या गोल कूलरला चार प्लास्टिकचे पाय असतात आणि ते मदरबोर्डच्या भोकांत दाबून बसवलेले असतात. त्यातला एक जरी सुटला तरी हीटसिंक एका बाजूने उचलला जातो आणि संगणक काही मिनिटांत बंद पडतो. सुटलेला पाय टक् असा आवाज येईपर्यंत दाबा. समोरासमोरचे पाय एकेका जोडीने बसवा.

संगणक चार-पाच वर्षांचा असेल तर सीपीयूवरची थर्मल पेस्टही (सीपीयूची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) वाळून पावडर झालेली असू शकते. ती बदलायची असेल तर एक सावधगिरी हवी. एएमडी कंपनीच्या एएम-४ सॉकेटमध्ये (सीपीयू बसवायच्या खाचेत) सीपीयू पेस्टला चिकटून कूलरबरोबर उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी संगणक दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, मग कूलर डावी-उजवीकडे अलगद फिरवत सोडवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने पुसा, नवीचा वाटाण्याच्या लहान दाण्याएवढा ठिपका मधोमध ठेवा आणि कूलर सरळ दाबून बसवा. जास्त पेस्ट म्हणजे जास्त गारवा असं नसतं.

बाजूचं झाकण लावून संगणक सुरू करा आणि पंखा फिरतोय ना ते पाहा. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेला असेल तर तिथून बाहेर काढा.

एसएमपीएस

ही पेटी कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास वीज साठलेली राहू शकते. बाहेरून मात्र बरंच कळतं : पंखा फिरत नाही, करपल्याचा वास येतो, चिरचिर आवाज येतो. पावसाळ्यात ऊब शोधत आत शिरलेली पालही एसएमपीएस उडवते, आणि ही सांगोवांगीची गोष्ट नाही, दुरुस्तीवाल्याला विचारून पाहा.

मल्टिमीटर वापरता येत असेल, तर जुन्या चार पिनांच्या मोकळ्या कनेक्टरवर पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत, लाल आणि काळ्यामध्ये ४.७५ ते ५.२५. आकडा याबाहेर असेल तर एसएमपीएस गेला. आत असेल तर मात्र तो चांगला आहे असं सिद्ध होत नाही, कारण खरी परीक्षा भार आल्यावर होते. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ओळखीच्या कुणाचा तरी चांगला एसएमपीएस एक दिवस लावून पाहणं.

नवीन घेताना वरच्या मोठ्या ‘४५० वॅट’ला भुलू नका. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते वाचा आणि १२ ने गुणा. १४ अँपिअर असतील तर कामाचे वॅट झाले १६८. आठ पिनांच्या एका कनेक्टरवर चालणारं ग्राफिक्स कार्ड त्या कनेक्टरमधून १५० आणि स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत घेऊ शकतं, सीपीयूचं वेगळंच. हिशेब तुम्हीच करा. एसएमपीएसमध्ये वाचवलेले हजार रुपये पुढे मदरबोर्डावर खर्च होतात.

उरलेले संशयित

रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी कडेवर खोडरबर फिरवण्याची पद्धत आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात तथ्य आहे, विशेषतः कोकणातल्या दमट हवेत. पण माझ्या मते बहुतेक वेळा गुण येतो तो पट्टी काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून एक-एक दिवस चालवा. स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधून तीही चाचणी रात्री लावून ठेवा.

पॉवर बटणाचा संशय असेल तर मदरबोर्डावरच्या पॉवरच्या दोन पिनांवर रीसेट बटणाची वायर लावा आणि काही दिवस रीसेट दाबून संगणक सुरू करा. खर्च शून्य.

मदरबोर्डावर उभे नळकांडीच्या आकाराचे कपॅसिटर असतात. त्यांचं डोकं सपाट हवं. फुगलेलं किंवा तपकिरी चिकट द्रव आलेलं दिसलं, तर घरचा शोध इथे संपला.

लॅपटॉपला यातलं बरंचसं लागू पडतं, पण आधी तो गादीवर ठेवून वापरणं थांबवा. खालची हवेची भोकं बुजतात. अ‍ॅडॉप्टर लावलेला असताना चालतो आणि काढताच मरतो, तर बॅटरी गेली. टचपॅड वर उचललेला दिसत असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगली आहे. तेव्हा ना दाबायची, ना टोचायची, ना चार्ज करायची. लॅपटॉप बंद करून सरळ सर्व्हिस सेंटरला न्यायचा.

डेस्कटॉप दुकानात न्यावाच लागला, तर तुमचा तो टिपणाचा कागद सोबत न्या आणि सांगा : ‘यूपीएसशिवाय चालवून पाहिलाय, धूळ काढलीय, तापमान इतकं येतं, तरी भाराखाली बंद पडतो.’ एसएमपीएस आणि मदरबोर्डाचं बिल शोधून ठेवा, वॉरंटी शिल्लक असू शकते. आणि हार्ड डिस्क किंवा एसएसडी काढून घरीच ठेवता आली तर उत्तम. वीज आणि उष्णतेचे दोष तपासायला दुकानदार स्वतःची डिस्क लावू शकतो, आणि ज्या संगणकात तुमची डिस्कच नाही, ती चुकून कुणी फॉरमॅट करण्याचा प्रश्नच येत नाही.