चोंगछिंगमधली चुकामूक
आम्ही चौघे चीनमधल्या चोंगछिंग शहरात होतो. होंगयादोंग नावाच्या इमारतीच्या दारात भेटायचं ठरलं. मी दारात, तेही दारातच, मोबाइलच्या नकाशावर आमचे ठिपके अगदी एकमेकांवर चढलेले, तरी कुणी दिसेना! अर्धा तास नुसतं 'अरे, मी इथंच उभा आहे' चाललं. मग लिफ्टमधल्या बटणांकडे लक्ष गेलं: १ ते ११. इमारत डोंगरउताराला टेकलेली. पहिल्या मजल्याबाहेर जियालिंग नदीकाठचा रस्ता आणि अकराव्याबाहेरही रस्ताच, तोही गाड्यांचा. मी खाली, ते वर. नकाशाला उंची कुठून कळणार? तेव्हापासून जागेबरोबर मजलाही सांगायचा आणि समोरच्या पाटीचा फोटो टाकायचा, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी लिझिबा स्टेशनला, जिथं मोनोरेल १९ मजली इमारतीच्या पोटातून जाते, बरोब्बर भेटलो. जिन्यांनी पोटऱ्या भरून आल्या, त्यावर मात्र उपाय सापडला नाही.