20 बाय 50 चं शेड : खड्ड्यापासून पत्र्यापर्यंत

शेड बांधायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो पत्र्याच्या वजनाचा: खांब पेलतील का? पेलतात. अर्धा मिलिमीटर जाडीचा 12 फुटी पत्रा जेमतेम साडेसतरा किलो भरतो. शेडं जातात ती एप्रिल-मेच्या वळवात, आणि खाली न येता वर उडून शेजारच्या रानात पडतात. म्हणून गोठा असो, कडब्याचं शेड असो की ट्रॅक्टरचं, प्रत्येक खांब हा खुंटा समजून गाडायचा. दाव्याला जनावर ओढतं तसं छप्पर त्याला वर ओढणार आहे.

खाली धरलेलं माप आहे 20 फूट रुंद आणि 50 फूट लांब: दहा-दहा फुटांचे पाच खण, दोन रांगांत मिळून बारा खांब, वळचणीला 10 फूट उंची आणि दोन पाखी छप्पर. वीसेक गाईंचा मुक्त गोठा, म्हणजे जनावरं न बांधता मोकळी ठेवायचा, यात गव्हाणीसकट बसतो. मोठ्या गाईला छपराखाली साडेतीन चौरस मीटर आणि बाहेर मोकळ्यात त्याच्या दुप्पट जागा लागते. म्हशीला चार आणि आठ.

आधी वाऱ्याचा हिशेब

वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आयएस 875, भाग 3 पुणे आणि नाशिकला सेकंदाला 39 मीटर वेग धरायला सांगतं, मुंबई आणि नागपूरला 44. 39 मीटर म्हणजे ताशी 140 किलोमीटर. त्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण 90 किलो होतो. चारही बाजूंनी उघड्या शेडच्या छपराला त्यातला दोनतृतीयांश, म्हणजे 60 किलो, वर ओढतो असं धरू. आपलं छप्पर वळचणीसकट 115 चौरस मीटरचं, म्हणजे ओढ झाली जवळपास सात टन. पत्रे, कैच्या (छपराचे तिकोनी सांगाडे), पर्लिन (कैच्यांवरचे आडवे पाईप, ज्यांवर पत्रा बसतो), खांब मिळून वजन पावणेदोन-दोन टन. उरलेले पाच टन खड्ड्यातल्या काँक्रीटनं धरून ठेवायचे आहेत.

मधल्या आठ खांबांवर कोपऱ्यातल्यांपेक्षा ओढ जास्त, प्रत्येकी 500 किलोच्या वर. आता सर्रास मारला जाणारा एक बाय एक फुटाचा, दोन फूट खोल खड्डा घ्या. त्यात काँक्रीट बसतं 136 किलो. दीड बाय दीड फुटाचा, तीन फूट खोल खड्डा आणि त्यावर जोत्यातून वर येणारा, खांबाभोवतीचा फूटभर जाडीचा काँक्रीटचा गळा मिळून 560 किलो होतात. तेवढं हवंच. 44 मीटरच्या पट्ट्यात ओढ सव्वापट होते. तिथं खोली चार फूट.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. हा हिशेब उघड्या शेडचा आहे. तीन बाजू पत्र्यानं बंद आणि एक उघडी, हा सगळ्यात वाईट प्रकार: वारा आत शिरतो, त्याला वाट मिळत नाही, आणि खालून दाबून वरून ओढून छप्पर उचलतो. एका बाजूनं छपरापर्यंत कडब्याची गंज लावली तरी हेच होतं. बाजू बंद करायच्या तर समोरासमोरच्या दोन उघड्या राहू द्या. चारही बंद करायच्या असतील, किंवा रुंदी 20 फुटांच्या पुढं न्यायची असेल, तर हे माप बाजूला ठेवून इंजिनिअरकडून नवं काढून घ्या.

जागा आणि दिशा

गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. उन्हाळ्यात दुपारचं ऊन लांब बाजूनं आत शिरत नाही. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, तो मग अरुंद बाजूवर येतो आणि तिथं ताडपत्री किंवा शेडनेटचा पडदा सोडता येतो. विजेच्या तारांखाली जागा धरूच नका. पावसात पाणी साचणारी जागाही सोडा; मुरूम टाकून ती उंच होते, पण खड्ड्याभोवतालची माती भिजलेलीच राहते आणि खांबाची पकड सुटते.

अनुदानातून बांधायचं असेल तर पूर्वसंमती हातात आल्याशिवाय एक कुदळही मारू नका. काम आधी सुरू झालेलं दिसलं की प्रकरण अडकतं.

मुहूर्त जानेवारी ते मार्च. जमीन वाळलेली असते, शेतातून गाडी जाते, आणि वळवाच्या आत पत्रा चढतो.

आखणीआधी पाईप मोजा

दुकानात 20 फुटी म्हणून मिळणारा पाईप पुष्कळदा 6 मीटरचा असतो, म्हणजे 19 फूट 8 इंच. कैचीचा खालचा दांडा अखंड पाईपाचा आणि पर्लिन दोन खणांवर एकसंध टाकायची, त्यामुळं हे चार इंच सगळीकडे नडतात. खांब पक्के 20 फुटांवर उभे राहिले आणि पाईप आखूड निघाला की वेल्डर तुकडा जोडतो, आणि तोही नेमका जिथं जोड नको तिथं. म्हणून माल आधी आणा, टेप लावा, मग आखणी करा. पाईप आखूड असेल तर रुंदी 19 फूट 8 इंच आणि खण 9 फूट 10 इंचांचा धरा. त्यानं काही बिघडत नाही.

काटकोन 9-12-15 फुटांच्या त्रिकोणानं काढायचा आणि शेवटी दोन्ही कर्ण ताडायचे. 20 बाय 50 ला कर्ण 53 फूट 10 इंच येतो, आखूड मापाला 52 फूट साडेअकरा इंच. दोन कर्णांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर खुंट्या हलवा. फरक तसाच राहिला तर तो पत्रे लावताना कळतो: शेवटचा पत्रा वळचणीला तिरका जातो. दोरीच्या खुंट्या खड्ड्यांपासून तीन फूट बाहेर ठोका, नाहीतर खोदताना त्याच उखडतात.

खड्डे आणि खांब

खोली मूळ जमिनीपासून मोजायची, वर टाकायच्या मुरमापासून नाही. भरावाची पकड धरत नाहीत. काळ्या रानात माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिथं तीन फुटांवर न थांबता मुरूम लागेपर्यंत जा. तळाचा शेवटचा फूटभर भाग कुदळीनं आतून कोरून दोन फूट रुंद करा. वर अरुंद, खाली रुंद असा खड्डा भरला की त्याच्या खांद्यावरची माती फुकटात खांब दाबून धरते. उलट, वर ऐसपैस आणि खाली निमुळता खड्डा गाजरासारखा उपटला जातो. जांभ्यात किंवा कातळात तीन फूट जाणं होत नसेल तर 16 मिलिमीटरच्या सळया ड्रिल करून ग्राउटमध्ये (सिमेंटच्या पातळ मसाल्यात) बसवा आणि काँक्रीट त्यांना बांधा.

खांबाला 3 इंची बी क्लास (मध्यम जाडीचा) पाईप. 14 फुटांचा तुकडा कापा: पावणेतीन फूट जमिनीत, एक फूट जोत्यात, बाकी वर. उरलेले सहा फुटी बारा तुकडे मोकळ्या आवाराच्या कुंपणाला उपयोगी पडतात. खांबाच्या खालच्या टोकाला 12 मिलिमीटर सळईचे दोन तुकडे फुलीसारखे वेल्ड करा, म्हणजे पाईप काँक्रीटमधून सटकणार नाही. माथ्यावर 6 बाय 6 इंचांची, 8 मिलिमीटर जाडीची प्लेट.

आधी तळाला तीन इंच काँक्रीट टाका, ते धरल्यावर खांब उभा करा. पाईपाचं तोंड मातीवर टेकू द्यायचं नाही. चारही कोपऱ्यांचे खांब ओळंब्यात आणि पाण्याच्या नळीनं एका पातळीत घ्या, त्यांच्यात दोरी ताणा आणि बाकीचे आठ त्या दोरीला लावा. काँक्रीट 1:2:4, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी. बारा खांबांना गळ्यासकट साधारण 100 घनफूट लागतं: 18 गोणी सिमेंट, अर्धा ब्रास (50 घनफूट) क्रश सँड, एक ब्रास 20 मिलिमीटर खडी. तळ कोरला असेल तर तीन-चार गोणी जास्त. खड्ड्यात दगडगोटे टाकून सिमेंट वाचवायची सवय इथं महागात पडते. गोट्यांभोवती पोकळी राहते आणि वजनही घटतं. सात दिवस पाणी मारा, तोवर कैची चढवू नका.

खांब सडतो तो नेहमी जमिनीलगत, विशेषतः गोठ्यात. गोमूत्र आणि ओल तिथंच साठते. पूर्वी लाकडी मेढी गाडत, त्याही तिथंच कुजत. उपाय गळ्याचा: काँक्रीट जोत्याच्या सहा इंच वर आणायचं आणि माथा बाहेरच्या बाजूला उतरता घोटायचा. गळ्याच्या माथ्याखाली तीन इंचांपासून वर दीड फुटापर्यंत पाईपाला डांबर. त्याच्या खाली काही लावू नका. रंगवलेल्या पाईपाला काँक्रीट नीट धरत नाही. पाईप आतूनही गळ्याच्या उंचीपर्यंत काँक्रीटनं भरा, म्हणजे आत पाणी साचून तो न दिसता गंजत राहणार नाही.

मुरूम यानंतर. भोवती दोन फूट जास्त धरून फूटभर उंचीला धुमसाई धरता 16 ब्रास. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुमस.

कैच्या आणि पर्लिन

सहा कैच्या, मध्ये अडीच फूट उंची. त्यानं उतार चाराला एक येतो आणि जोराच्या पावसातही पाणी सांध्यात मागं सरकत नाही. वरचे, खालचे आणि आतले दांडे, पर्लिन, सगळं 60 बाय 40 मिलिमीटरच्या, 2 मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाईपात बसवलं तर कापताना नासधूस कमी होते. वरचा दांडा 12 फुटी, त्यामुळं प्रत्येक पाईपामागं आठ फुटी तुकडा उरतो. पर्लिनच्या ओळींतूनही तसेच उरतात. असे वीस तुकडे होतात. त्यातून कैच्यांच्या आतल्या दांड्या आणि सोळा तिरकस आधार निघतात. लांबीच्या दिशेचे बांध धरून एकूण 52 पाईप.

पर्लिनच्या प्रत्येक पाखाला चार ओळी, पावणेचार फुटांवर. पाईप उभा ठेवायचा, 60 ची बाजू उभी. आडवा टाकला की तोच पाईप वाकतो. कैचीतले उभे दांडे पर्लिनच्या खालीच येऊ द्या, आणि शेजारच्या दोन ओळींचे जोड एकाच कैचीवर घेऊ नका.

वेल्डिंग सांध्याच्या चारही बाजूंनी सलग हवं. टाके मारून पुढं गेलेला वेल्डर परत फिरत नाही. कैची जमिनीवर असतानाच उलटून बघा. हातोडीनं खपली उडवा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) लावा.

एक कैची पन्नासेक किलोची, चार माणसं चढवतात. खांबाच्या प्लेटवर चार 12 मिलिमीटर बोल्ट. पहिल्या दोन कैच्या उभ्या राहिल्या की संध्याकाळच्या आत पर्लिननं एकमेकींना बांधा. एकटी कैची रात्रभर दोरावर ठेवू नका. प्रत्येक खांबापासून कैचीला एक तिरकस आधार द्या, आणि कोपऱ्याच्या चार खांबांना लांबीच्या दिशेनंही एकेक. तो घ्यायला खांबांचे माथे लांबीनं पाईपानं जोडलेले हवेत. टोकाच्या दोन खणांत छपराच्या पातळीत 12 मिलिमीटर सळईची फुली.

कैच्यांचे खालचे दांडेही दोन ओळींत लांबीनं बांधायचे, हे बहुतेक ठिकाणी गाळलं जातं. एरवी खालचा दांडा ताणात असतो. छप्पर वर ओढलं गेलं की तोच दाबात येतो आणि बाजूला वाकतो.

पत्रा

12 फुटी, अर्धा मिलिमीटर, प्रत्येक पाखाला 16, एकूण 32. आढ्यावर आठ इंचांची फट ठेवून वर उचललेली रिज (आढ्यावरची पत्र्याची टोपी) बसवली तर गरम हवा आणि अमोनियाचा वास निघून जातो. वळचण तरीही दोन फूट पुढं येते. लावायला सुरुवात पूर्वेच्या टोकाकडून. मग प्रत्येक पुढचा पत्रा आधीच्यावर चढतो, त्याची मोकळी कड पूर्वेला राहते आणि पश्चिमेचा वारा-पाऊस तिच्याखाली घुसत नाही.

रबर वॉशरचे सेल्फ स्क्रू पन्हळीच्या उंच भागावर, प्रत्येक पत्र्याला प्रत्येक पर्लिनवर चार: साडेपाचशे आणा. पत्रे एकमेकांना जोडायला दोन-दोन फुटांवर छोटे स्क्रू, दोनशे. रबर वॉशरच्या कडेनं किंचित डोकावलं की थांबा. चिरडून बाहेर आलं तर दोन उन्हाळ्यांत फाटतं आणि भोक गळायला लागतं. स्क्रू तिरका गेला तर तो काढून जाडीनं मोठा घाला. ड्रिलचा लोखंडी चुरा त्याच संध्याकाळी झाडूनं काढा. पहिल्या दवातच त्याचे तांबूस डाग पडतात आणि तिथून पत्रा खायला लागतो. चालताना पाय पर्लिनवरच्या स्क्रूंच्या ओळीवर.

अर्धवट पत्रा रात्रभर ठेवू नका. दिवसात जेवढे पत्रे पूर्ण स्क्रू मारून होतील तेवढेच वर चढवा, बाकीचे खाली बांधून दगडाखाली.

पन्हाळ सहा इंची, 50 फुटांत तीन इंच उतार, प्रत्येक बाजूला दोन चार इंची नळ. या छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 115 लिटर. तासात 50 मिलिमीटर पडला तर पावणेसहा हजार लिटर खांबांच्या मुळाशी जायचं की टाकीत, ते पन्हाळ ठरवते.

पहिल्या वळवानंतर शिडी लावून वळचणीच्या आणि दोन्ही टोकांच्या ओळींतले स्क्रू आणि कैच्यांचे बोल्ट तपासा. सैल पडतात ते आधी तिथंच. काळ्या रानात गळ्याभोवती भेग दिसली तर ती मुरमानं भरून पाण्यानं बसवा, सिमेंट ओतू नका. कडबा रचताना गंजीचा माथा कैचीच्या दोन फूट खाली ठेवा आणि गंज शेडच्या मध्ये घ्या, कडेला नाही.