डायव्हर्सिटी कंबाइनिंग : या चुका टाळा

डायव्हर्सिटी कंबाइनिंग म्हणजे एकच सिग्नल अनेक अँटेनांवर घेऊन ते एकत्र करणं. दुसरा अँटेना लावला की रिसेप्शन सुधारणारच, या भरवशावर बसणारे खूप भेटतात. त्यांच्या सगळ्या चुकांत मला सर्वांत जास्त छळणारी एकच : नॉइज न मोजता ब्रांचना (प्रत्येक अँटेनाच्या सिग्नलमार्गाला) वजनं देणं. मॅक्सिमल रेशो कंबाइनिंगमध्ये (सगळ्या ब्रांचची वजन देऊन बेरीज करण्याच्या पद्धतीत) वजन चॅनेलच्या (वाटेत सिग्नलमध्ये होणाऱ्या बदलाच्या) कॉन्जुगेटवरून, म्हणजे फेज उलटवलेल्या रूपावरून ठरतं, एवढं सगळ्यांना पाठ असतं. त्याला त्या ब्रांचच्या नॉइज पॉवरनं भागायचं असतं, हे सोयीस्करपणे गळतं.

एका चमूचा दोन अँटेनांचा रिसीव्हर एका अँटेनापेक्षा वाईट चालत होता. मंडळी चॅनेल एस्टिमेटरच्या मागे लागली होती. मी आधी दोन्ही ब्रांचचा एजीसी (पातळी आपोआप सारखी ठेवणारा) गेन बघायला मागितला, तो कोणी नोंदवलेलाच नव्हता. एका ब्रांचचा एसएनआर (सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर) २० डीबी (डेसिबल), दुसरीचा ० डीबी. पण दोन्हींना स्वतंत्र एजीसी, म्हणून कमजोर ब्रांच आपल्या नॉइजसकट फुगून पहिलीच्या पातळीला येत होती. अशा वेळी नॉइजनं न भागता बेरीज केली तर एसएनआर साधारण ९ डीबीवर घसरतो. नुसती चांगली ब्रांच निवडली असती तरी २० मिळाले असते! तेव्हापासून सिग्नल बंद ठेवून प्रत्येक ब्रांचचा नॉइज मोजल्याशिवाय मी कंबाइनरच्या कोडला हात लावत नाही. कंटाळवाणं आहे, पण घाई असलेल्यांनी सिलेक्शन कंबाइनिंगच (नुसती चांगली ब्रांच निवडणं) वापरावं.

आरएसएसआय (रिसीव्हर दाखवतो ती आलेल्या सिग्नलची पातळी) म्हणजे एसएनआर नव्हे. त्यात इंटरफेरन्सही मोजला जातो.

डीबीमधल्या आकड्यांची सरासरी काढू नका. रेले फेडिंगमध्ये (थेट वाट नसताना परावर्तनांमुळे सिग्नलमध्ये होणाऱ्या चढउतारांत) उत्तर खऱ्या सरासरीपेक्षा सुमारे २.५ डीबी कमी येतं. मुळात नुसती सरासरी बघून फायदा ठरवणंच चूक. दोन सारख्या, स्वतंत्र ब्रांचमध्ये सिलेक्शननं सरासरी जेमतेम १.७६ डीबी वाढते, आणि नवशिके नाक मुरडतात. पण सरासरीच्या १० डीबी खाली जाण्याची शक्यता एका ब्रांचला सुमारे ९.५ टक्के असते, दोन्हींना एकाच वेळी ०.९ टक्के. कॉल तुटतो तो या खड्ड्यांत, म्हणून मी आधी आउटेजचा (सिग्नल गरजेपेक्षा खाली जाण्याच्या शक्यतेचा) आलेख मागतो.

अँटेनांतलं अंतर : चहूबाजूंनी परावर्तन असेल तर अर्धी तरंगलांबी, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झला सुमारे ६ सेंटीमीटर पुरते. उंच बेस स्टेशनवर लहरी अरुंद कोनातून येतात. तिथे कित्येक तरंगलांबी लागतात.

सिम्युलेशनमध्ये दोन्ही ब्रांचच्या फेडिंगला एकच रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांचा सुरुवातीचा आकडा) दिलात तर फेडिंगही एकच होतं. मॅक्सिमल रेशोमध्ये ३ डीबी तरीही दिसतात, म्हणून ही चूक लपते. आउटेजच्या वक्राचा उतार बघा, तो एका ब्रांचच्या वक्राला समांतरच राहतो.