लिले ब्लाँ: आधी नुसती, मग बर्फात

फ्रान्समधल्या बोर्डो शहराजवळच्या पोदाँसाक गावात लिले बंधूंनी १८७२ साली धंदा मांडला. त्यांची लिले ब्लाँ म्हणजे पांढऱ्या वाइनमध्ये संत्र्याच्या सालींचे अर्क मुरवलेलं जेवणाआधीचं पेय, मद्यांश १७ टक्के. बाटली उघडलीत की पहिला घोट बर्फाशिवाय घ्या, फक्त फ्रिजमधली गार. आधी मधासारखा गोडवा लागतो, गिळल्यावर घशाशी सालीचा कडवटपणा रेंगाळतो. तो एकदा ओळखलात की मग खुशाल मोठा पेला, भरपूर बर्फ, संत्र्याची चकती. टॉनिक वॉटर घालायचं तर लिलेच्या दुप्पट. सोबत ऑलिव्ह, खारे बदाम; तिखट काही नको, सगळी चव बुडते. आणि हो, ही शेवटी वाइनच! उघडलेली बाटली व्हिस्कीसारखी कपाटात ठेवू नका. बूच लावून फ्रिजमध्ये, महिनाभरात संपवा.