जुना चेनसॉ हाती आल्यावर

वीस-तीस वर्षे कुणाच्या गॅरेजमध्ये पडून राहिलेला चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळीची करवत, हाती आला की त्याची दोरी ओढून पाहण्याची इच्छा होतेच, पण आधी सायलेन्सर काढावा. त्याच्या मागच्या छिद्रातून पिस्टन थेट दिसतो. पिस्टनच्या अंगावर कारखान्यात उमटलेल्या बारीक आडव्या रेषा शाबूत असतील, तर यंत्राचा गाभा चांगला आहे असे समजावे. वरून खाली गेलेले खोल उभे ओरखडे दिसले, तर ते कधीतरी कमी ऑइलवर किंवा अतिउष्णतेने सीझ (जाम) झालेले आहे. विकणाऱ्याची परवानगी घेऊन ही तपासणी सौद्यापूर्वीच करावी. सिलिंडरमध्ये गंज किंवा कचरा असताना दोरी ओढली, तर तोपर्यंत वाचलेला पिस्टनही आपल्याच हाताने बिघडतो.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना अशी यंत्रे जुन्या सामानाच्या विक्रीत सहज भेटतात. तिथे ओरेगॉनमधील जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून १९४७ च्या सुमारास आलटून पालटून डावे-उजवे दाते असलेली साखळी बाजारात आणली, आणि आजची साखळीही मूलतः तीच आहे. मॅककलॉक ३-२५ हा १९४९ चा चेनसॉ २५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ११ किलोचा होता. जर्मनीच्या श्टीलने १९५९ मध्ये ‘कॉन्ट्रा’ आणून गिअर काढून टाकले, आणि होमलाइटचा मॅग्नेशियमच्या सांगाड्याचा, ५४ सीसीचा एक्सएल-१२ हा १९६३ मध्ये आला. नवशिक्याने या शेवटच्यापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तो प्रचंड संख्येने विकला गेल्यामुळे त्याचे भाग आजही मिळतात. दुर्मीळ यंत्र पहिल्याच प्रयत्नात खोलले, तर एका तुटलेल्या झाकणासाठी वर्षभर थांबावे लागते.

ज्यांनी टू-स्ट्रोक स्कूटर सांभाळली आहे, त्यांना पुढचे काम परके वाटणार नाही. प्लग बाहेर काढून सांगाड्याला टेकवावा, टाकी आणि सांडलेले पेट्रोल दूर ठेवावे आणि दोरी ओढून ठिणगी पाहावी. ती नसेल तर बहुतेक वेळा दोष पॉइंटवर (ठिणगीसाठी वीजप्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर) बसलेल्या थराचा असतो. मॅग्नेट, म्हणजे चुंबक बसवलेले चाक, पुलरने (खेचून काढणाऱ्या साधनाने) काढावे, पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासावेत, मग स्पिरिटमध्ये भिजवलेला साधा कागद त्यांच्यामधून ओढावा, कारण घासल्यानंतर उरलेली भुकटीही ठिणगी अडवते. एक्सएल-१२ साठी पॉइंटमधील फट ०.०१५ इंच आणि प्लगची ०.०२५ इंच ठेवतात. मॅग्नेटची चावी (त्याला दांड्यावर जागच्या जागी धरणारी छोटी पाचर) कापली गेलेली नाही, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

ठिणगी मिळाल्यावर कार्ब्युरेटरच्या तोंडात मिश्रणाचे चार-पाच थेंब टाकावेत. इंजिन दोन सेकंद पेटून बंद पडले, तर दोष इंधनाच्या वाटेत आहे. चेनसॉ आडवा-उलटा धरूनही चालावा म्हणून त्याच्या कार्ब्युरेटरमध्ये इंधनाची पातळी राखणारा तरंगता फ्लोट नसतो. त्याऐवजी पातळ डायफ्राम (लवचीक पडदा) असतो आणि वर्षानुवर्षे पडून तो वाळलेल्या चामड्यासारखा कडक होतो. त्याचे किट स्वस्त असते. खोलताना प्रत्येक पॅकिंग आणि डायफ्राम कोणत्या क्रमाने निघाला याचा फोटो काढावा. इंधनाची नळी आणि टाकीतील फिल्टरही त्याच वेळी बदलावेत. पेट्रोलमधील इथेनॉल जुन्या रबराला फुगवते, त्यामुळे शक्य असेल तिथे इथेनॉलविरहित पेट्रोलच वापरावे. टाकीवरच्या जुन्या लेबलवर १६ भागांस १ भाग ऑइल असे प्रमाण आढळते, पण ते त्या काळच्या साध्या ऑइलसाठी होते. आजचे चांगले टू-स्ट्रोक ऑइल ३२ भागांस १, म्हणजे लिटरमागे सुमारे ३१ मिलिलिटर, पुरेसे ठरते.

कार्ब्युरेटरचे दोन्ही स्क्रू हलकेच टेकेपर्यंत बंद करून एकेक फेरा उघडावेत. जोराने आवळले तर सुईची बैठक कायमची खराब होते. शेवटची जुळणी कानाने होते आणि हा भाग मला सर्वांत प्रिय आहे. मोकळ्या हवेत पूर्ण रेस दिल्यावर आवाज किंचित अडखळत, भरडा यावा आणि लाकडात शिरताच तो स्वच्छ, सलग व्हावा. मोकळे असतानाच आवाज बारीक आणि किंचाळणारा झाला, तर मिश्रणात पेट्रोल, पर्यायाने ऑइल, कमी पडत आहे आणि पिस्टन धोक्यात आहे. यंत्र कुशीवर वळवताच मंद चाल बदलली, किंवा ट्रिगर सोडल्यावर रेस लगेच उतरली नाही, तर ऑइल सीलमधून किंवा पॅकिंगमधून हवा शिरते आहे. ती गळती थांबवल्याशिवाय लाकूड कापू नये.

दात्यांना धार लावण्यासाठी साखळीच्या पिचनुसार (कड्यांमधील अंतरानुसार) गोल कानस निवडावी. ३/८ इंचाच्या साखळीला साधारणपणे ५.५ मिलिमीटरची लागते.

या पिढीच्या बहुतेक चेनसॉंना साखळीचा ब्रेक नसतो. साखळी जिच्यावरून फिरते त्या पट्टीचे टोक लाकडाला लागले तर यंत्र उसळून चेहऱ्याकडे येते आणि ते थांबवणारे काहीही नसते. म्हणून हेल्मेट, कानांचे संरक्षण आणि साखळी अडवणारी मांडीवरची जाड पँट घालूनच, जमिनीवर नीट टेकवलेले ओंडके कापावेत. उभे झाड पाडण्यासाठी हा चेनसॉ वापरू नये.

काम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, मग मॅग्नेशियमचा सांगाडा केरोसीनने पुसून कोरडा करावा. मूळ रंग आणि स्टिकर झिजलेले असले तरी तसेच राहू द्यावेत.